राखाडी काढायची ती काळ्यातूनच

कृष्णधवल फोटो घरच्या इंकजेटवर छापणाऱ्यांची तक्रार बहुधा सारखीच असते. ट्यूबलाइटखाली प्रिंट हिरवट दिसतो, खिडकीशी नेला की जांभळट वाटतो आणि काही वर्षं भिंतीवर राहिला की त्याचा नूरच पालटतो. दोष फोटोचा नसतो आणि मॉनिटरचाही नसतो. साधा फोटो प्रिंटर राखाडी छटा काळ्या शाईतून काढतच नाही. सायन, मॅजेंटा आणि पिवळ्या शाईचे बारीक थेंब शेजारी शेजारी टाकून तो राखाडीचा भास उभा करतो. कोणता उजेड किती शोषायचा हे या तिन्ही रंगद्रव्यांचं वेगवेगळं असतं, त्यामुळे दिवा बदलला की त्यांचा तोल ढळतो. शिवाय तिन्ही एका वेगाने उडत नाहीत. जे आधी उडतं, त्याच्या विरुद्ध रंगाकडे सगळा प्रिंट झुकतो.

यावरचा पक्का उपाय म्हणजे टाक्यांमधले रंग काढून त्यांच्या जागी एकच काळी शाई कमी-अधिक पातळ करून भरणं. गडद भाग मूळ शाईतून छापायचा, मधल्या छटा पातळ शाईतून आणि आभाळ, धुकं, पांढऱ्या साडीच्या चुण्या यांसारखे उजळ भाग अगदी फिक्या शाईतून. हे काम एखाद्या प्रयोगशाळेतच होतं असं नाही. एक वजनकाटा, काही बाटल्या आणि नोंदी ठेवण्याची सवय एवढ्यावर ते घरी नीट होतं. मात्र त्यातल्या दोन-तीन गोष्टी समजून न घेता केल्या, तर हजारो रुपयांचा प्रिंटर बसतो.

आधी हेही सांगायला हवं की प्रत्येकाने या वाटेला जाऊ नये. २००५ साली एप्सनने तीन काळ्या-करड्या शाया असलेली के-थ्री मालिका आणली. तेव्हापासून महागड्या फोटो प्रिंटरांत करड्या शायांची सोय आहे आणि कृष्णधवलसाठी ड्रायव्हरमध्ये वेगळा पर्यायही असतो. तुमच्याकडे असा प्रिंटर असेल तर तोच वापरा, शाई कालवत बसू नका. हा लेख आहे तो सहा रंगांचे साधे टाकीवाले प्रिंटर वापरणाऱ्यांसाठी. आपल्याकडे फोटो स्टुडिओंत आणि हौशी लोकांकडे एप्सनचे एल ८०५ आणि एल १८०० भरपूर दिसतात. त्यांत काळ्या शाईची टाकी एकच, बाकी पाच रंगीत. शिवाय कारखान्यातून येणारी शाई डाय प्रकारची, म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेला रंग.

हा मार्ग शोधला तो अमेरिकेतल्या छायाचित्रकारांनी. गायक आणि छायाचित्रकार ग्रॅहॅम नॅश यांच्या नॅश एडिशन्समध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयरिस ३०४७ या प्रचंड यंत्रावर कलात्मक प्रिंट निघू लागले. ते यंत्र आज स्मिथसोनियनच्या संग्रहात आहे. पुढे व्हरमाँटमधल्या जॉन कोन यांनी २००० च्या सुमारास साध्या एप्सन प्रिंटरसाठी पिझोग्राफी नावाच्या करड्या शाया बाजारात आणल्या. रॉय हॅरिंग्टन यांनी क्वाडटोन रिप हे सॉफ्टवेअर लिहिलं, त्यामुळे प्रत्येक टाकीतून किती शाई सोडायची हे वापरणाऱ्याच्या हातात आलं. आणि पॉल रोर्क यांनी शुद्ध कार्बनची काळी शाई घरी पातळ करण्याच्या आपल्या कृती सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. ज्ञान वाटून टाकण्याच्या या वृत्तीबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. त्यामुळेच पुण्या-नाशिकातला, कोल्हापुरातला माणूसही आज हे करू शकतो.

काळी शाई कोणती घ्यावी

शाई पिगमेंटचीच, म्हणजे पाण्यात न विरघळणाऱ्या रंगकणांची हवी आणि पिगमेंट कार्बनचंच हवं. ही अट कधी सोडू नका. कार्बन उजेडाने उडत नाही. जुन्या पोथ्यांवरची काजळीची शाई आजही काळीभोर दिसते ती याच गुणामुळे. दासबोधात समर्थांनी एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला दिला, कारण लिहिलेलं टिकावं ही त्यांना तळमळ होती. छापलेला फोटो टिकावा असं वाटणाऱ्यानेही तेवढीच कळकळ ठेवावी.

बाटलीवर नुसतं ‘पिगमेंट ब्लॅक’ लिहिलेलं पुरेसं नाही. पिगमेंट काळ्याचे दोन प्रकार येतात, मॅट ब्लॅक आणि फोटो ब्लॅक. मॅट ब्लॅक मॅट कागदावर अतिशय दाट बसतो, पण चकचकीत कागदाला धरत नाही, बोट फिरवलं की निघून येतो. फोटो ब्लॅक चकचकीत कागदावर बसतो आणि मॅटवर फिका पडतो. घरी पातळ करण्यासाठी मॅट ब्लॅक घ्या आणि मॅट कागदावरच छापा. यामागे कारण आहे. शाई पातळ करताना तिच्यातला कणांना कागदाशी बांधणारा चिकट पदार्थही पातळ होतो. मॅट कागदाचा थर कण आत ओढून घेतो म्हणून तिथे चालून जातं. ग्लॉसीवर मात्र फिक्या शाईचे भाग खरवडले जातात आणि तिरक्या उजेडात चमक ठिकठिकाणी वेगळी दिसते.

काही शायांमध्ये काळा अधिक ‘न्यूट्रल’ दिसावा म्हणून थोडा निळा मिसळलेला असतो. शंका असेल तर एक थेंब भरपूर पातळ करून कागदावर पसरवा. शुद्ध कार्बन पातळ झाल्यावर उबदार, किंचित तपकिरी दिसतो. थंड निळसर दिसला तर त्यात दुसरं काही आहे.

डाय आणि पिगमेंट या शाया एकमेकींत कधीही मिसळू नका. पिगमेंटचे कण एकमेकांपासून दूर राहावेत म्हणून शाईत जी रासायनिक व्यवस्था केलेली असते, ती परक्या शाईने मोडते. मग कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या थेट हेडमध्ये जाऊन बसतात. याच कारणाने दोन कंपन्यांचे पिगमेंट काळेही एका बाटलीत ओतू नयेत.

आणि प्रिंटर पिझो हेडचाच हवा, म्हणजे व्यवहारात एप्सन. ज्या प्रिंटरांत शाई क्षणभर उकळवून थेंब उडवतात, त्यांना शाईतले घटक फार नेमके लागतात. पिझो हेड स्फटिकाच्या हालचालीने थेंब ढकलतो, त्यामुळे घरी कालवलेली शाई तो खपवून घेतो.

पाण्याने पातळ करू नका

शाई बिघडते ती बहुतेक इथेच. काळ्या शाईत डिस्टिल्ड वॉटर घातलं की ती फिकी दिसते आणि काम झाल्यासारखं वाटतं. पहिले काही प्रिंट बरे निघतातही. मग नोझल सुकतात. शाई म्हणजे पाण्यात कालवलेला कोळसा नव्हे. तिच्यात ओलावा धरून ठेवणारा पदार्थ असतो, तो नसला तर केसापेक्षा बारीक नोझलच्या तोंडाशी शाई वाळून बसते. पृष्ठताण कमी करणारा पदार्थही असतो, तो नसला तर थेंब धड सुटत नाही आणि कागदावर सारखा पसरत नाही. पाण्याने शाई पातळ केली की रंगाबरोबर हे दोन्ही पातळ होतात. जिच्यात मूळ शाई जेमतेम ३ टक्के आहे अशा फिक्या शाईत तर त्यांचं नावही उरत नाही.

म्हणून पातळ करायचं ते बेसने. बेस म्हणजे रंगाविना शाई. काळी शाई विकणाराच बेसही विकत असेल तर तो घ्या, तेच सगळ्यात सुरक्षित. घरी करायचा तर डिस्टिल्ड वॉटर, ग्लिसरिन आणि डार्करूमवाल्यांच्या परिचयाचं कोडॅक फोटो-फ्लो किंवा त्यासारखं वेटिंग एजंट, एवढं पुरतं. सुरुवातीला ग्लिसरिन वजनाने १० टक्के धरा, वेटिंग एजंट अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणि बाकी पाणी. हे प्रमाण दगडावरची रेघ नाही. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात नोझल वारंवार सुकत असतील तर ग्लिसरिन थोडं वाढवावं लागेल. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात तेच ग्लिसरिन हवेतलं पाणी ओढतं आणि प्रिंट लवकर सुकत नाही, तिथे ते वाढवू नका.

पाण्याच्या बाबतीत हयगय नको. बॅटरीत घालायचं म्हणून मिळणारं पाणी दर बाटलीला सारखं असेल याची खात्री नसते, तेव्हा केमिकलच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचं घ्या. बोअरच्या किंवा नळाच्या पाण्यातला कॅल्शियम पिगमेंटचे कण एकत्र आणतो. लिंबू, व्हिनेगर अशा आंबट पदार्थाचा हात लागलेलं भांडंही वापरू नका, कारण या शाया किंचित अल्कधर्मी ठेवलेल्या असतात आणि आम्लाने फाटतात. ग्लिसरिन औषधाच्या दुकानातलं, शुद्ध, सुगंध नसलेलं घ्या.

मापं

मोजणी सिरिंजने करण्यापेक्षा वजनाने करा. सोनाराकडे असतो तसा ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा स्वस्तात मिळतो. ग्लिसरिनसारखा जाड पदार्थ सिरिंजच्या भिंतीला चिकटून राहतो आणि माप चुकतं, वजनात तसं होत नाही.

सहा टाक्यांची वाटणी मी अशी सुचवेन: चार टाक्यांत कार्बन, १००, ३०, १० आणि ३ टक्के. उरलेल्या दोन टाक्यांत टोनर, एक गडद आणि एक फिका. त्याबद्दल पुढे सांगतो. दर पायरीला शाई साधारण तिपटीने पातळ होते. पायऱ्या याहून लांब ठेवल्या तर एका शाईतून दुसरीत जाताना छटांमध्ये दाणा दिसतो. एल १८०० चा सर्वांत लहान थेंब १.५ पिकोलिटरचा असतो, तरीही पांढऱ्या आभाळात पूर्ण काळ्या शाईचा एकटा थेंब डोळ्याला टोचतो. तीच छटा ३ टक्क्यांच्या शाईने काढली तर थेंबांवर थेंब पडून कागद सलग भरतो. प्रिंटमध्ये जी मऊ, दुधाळ उजळता येते ती या फिक्या शाईमुळे. म्हणून चार शायांत कोणती सर्वांत काळजीने करावी असं विचाराल तर मी ३ टक्क्यांचीच सांगेन. सर्वांत जास्त संपतेही तीच.

१०० ग्रॅमचा हिशेब सोपा आहे. ३० टक्क्यांसाठी ३० ग्रॅम काळी आणि ७० ग्रॅम बेस. १० टक्क्यांसाठी १० आणि ९०. पण ३ टक्क्यांसाठी ३ ग्रॅम काळी मोजू नका. काट्याची ०.१ ग्रॅमची चूक तिथे ३ टक्क्यांहून जास्त फरक पाडते. त्याऐवजी तयार केलेली ३० टक्क्यांची शाई १० ग्रॅम घ्या आणि ९० ग्रॅम बेस घाला. शाई तीच होते आणि चूक एका टक्क्यावर येते.

मूळ बाटली वापरण्याआधी हळूहळू उलटीपालटी करा. कार्बनचे कण जड असतात, तळाशी बसतात. तळ न ढवळता वरची शाई घेतली तर सगळी मापं फोल ठरतात. पण सरबतासारखी घुसळू नका, बुडबुडे हेडमध्ये गेले की नोझल छापेनासे होतात. आधी बेस, मग शाई, काचेच्या कांडीने सावकाश ढवळणं आणि रात्रभर तसंच ठेवणं. दुसऱ्या दिवशी ५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळून बाटलीत भरा. पिगमेंटचे कण साधारण ०.१ मायक्रॉनचे असतात, ते सहज पार होतात. अडकते ती धूळ आणि गुठळ्या. कापडातून किंवा टिश्यूतून गाळू नका, त्यांचेच तंतू शाईत उतरतात.

शाई प्रिंटरमध्ये घालण्याआधी दोन परीक्षा घ्या. एक थेंब फिल्टर पेपरवर सोडा. काळा डाग सारखा पसरला तर शाई ठीक आहे. मध्ये काळा ठिपका आणि बाहेर स्वच्छ पाण्याचं कडं दिसलं, तर कण गोळा झालेत, ती शाई फेकून द्या. दुसरी परीक्षा म्हणजे थोडी शाई काचेच्या कुपीत भरून आठवडाभर उभी ठेवणं. वरच्या बाजूला पारदर्शक थर सुटला किंवा तळाशी न विरघळणारा गाळ बसला, तर बेस आणि शाई यांचं जुळलेलं नाही.

टोनर

शुद्ध कार्बनचा प्रिंट मॅट कागदावर उबदार असतो. मला तो तसाच फार आवडतो. वाड्यांचे, जुन्या घाटांचे, म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो त्यात खुलतात. पण पावसाळी समुद्र किंवा आजच्या शहरातला काँक्रीटचा पूल थोडा थंड दिसावा असं वाटलं तर टोनर लागतो. कार्बनचा कल पिवळट-तांबूस, म्हणून टोनरचा कल त्याच्या उलट, निळ्याकडे हवा. पिगमेंट सायन चार भाग आणि पिगमेंट मॅजेंटा एक भाग घेऊन सुरुवात करा, दोन्ही काळ्या शाईच्याच कंपनीचे. नुसता सायन घातला तर प्रिंट हिरवट होतो, म्हणून मॅजेंटाची जोड. हे मिश्रण १० टक्क्यांपर्यंत पातळ केलं की गडद टोनर आणि ३ टक्क्यांपर्यंत केलं की फिका.

हात आखडता ठेवा. सायन पिगमेंट बरंच टिकाऊ असतं, पण कार्बनइतकं नाही, आणि मॅजेंटा त्याहून कच्चा. टोनर जितका कमी, तितकी पुढे रंग पालटण्याची भीती कमी. थोडा उडाला तरी प्रिंट हळूहळू कार्बनच्या उबेकडे जाईल, डोळ्याला खुपणार नाही.

प्रिंटरमध्ये भरताना

शक्य असेल तर नवा, शाई न घातलेला प्रिंटर या कामासाठी राखून ठेवा. वापरलेला असेल तर टाक्यांतली डाय शाई सिरिंजने काढा, टाक्या बेसने भरा आणि एप्सनच्या ड्रायव्हरमधली पॉवर इंक फ्लशिंगची सोय वापरून नळ्या धुऊन घ्या. यात वेस्ट इंकचं पॅड लवकर भरतं, तेव्हा ते कितपत भरलंय ते आधी पाहून घ्या. बाहेरची शाई घातली की वॉरंटी गेली असं समजूनच कामाला लागा.

नोझल चेकचा कागद छापला की नवखा माणूस घाबरतो, कारण फिक्या शाईच्या रेघा दिसतच नाहीत. त्या छापलेल्या असतात, पण ३ टक्क्यांची शाई पांढऱ्या कागदावर डोळ्याला कळत नाही. कागद स्कॅन करा आणि कॉन्ट्रास्ट खेचा, तुटलेली रेघ लगेच सापडते.

आता सॉफ्टवेअर. एप्सनचा ड्रायव्हर टाक्यांत रंगच आहेत असं धरून चालतो, त्यामुळे त्याच्यातून छापलं तर छटांचा चुथडा होतो. इथे क्वाडटोन रिप लागतं. घेण्याआधी आपलं मॉडेल आणि कॉम्प्युटरची सिस्टिम त्याच्या यादीत आहे का ते तपासा. प्रिंटर घेण्याआधीच तपासलेलं उत्तम. काम दोन टप्प्यांत होतं. प्रथम प्रत्येक शाईची पट्टी छापून तिची मर्यादा ठरवायची. शाई वाढवत गेलं तरी एका टप्प्यानंतर काळेपणा वाढत नाही, उलट कागद भिजतो आणि कडा पसरतात. तो टप्पा म्हणजे मर्यादा. मग २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापून मोजायची आणि पायऱ्या समान अंतरावर येतील अशी वक्ररेषा सॉफ्टवेअरकडून करून घ्यायची. ३० टक्क्यांची शाई ३० टक्के काळी दिसत नाही, म्हणून ही मोजणी अंदाजावर सोडता येत नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटर असेल तर उत्तम. नसेल तर फ्लॅटबेड स्कॅनर आणि ओळखीची, घनता माहीत असलेली पट्टी शेजारी ठेवून बऱ्यापैकी काम निघतं. पट्टी छापल्याबरोबर मोजू नका, ओला प्रिंट खोटं बोलतो. दुसऱ्या दिवशी मोजा, पावसाळ्यात आणखी एक दिवस थांबा.

कागद बदलला की ही सगळी मोजणी पुन्हा करावी लागते. म्हणून एक कागद निवडा आणि वर्षभर त्यालाच चिकटून राहा. हानेम्यूलचा फोटो रॅग किंवा कॅन्सन इन्फिनिटीचा रॅग फोटोग्राफिक हे कापसाचे कागद या शाईला शोभतात. दुसऱ्यात तर ऑप्टिकल ब्राइटनर नसतात, त्यामुळे कालांतराने कागदाची पांढरी झाक पालटण्याचं एक कारण आपोआप टळतं. किंमत जास्त आहे, पण टिकाऊ शाई आणि पिवळा पडणारा कागद ही जोडी कामाची नाही.

मॅट कागदावर काळ्याची घनता साधारण १.६ ते १.७ पर्यंत जाते. बराइटासारख्या चमकदार कागदावर ती २.२ च्या पुढे जाऊ शकते. म्हणजे मॅटवरचा सर्वांत गडद काळाही सव्वादोन टक्क्यांच्या आसपास उजेड परत पाठवतो. हे आकडे वाचून नाउमेद होण्याचं कारण नाही. अंधारात बुडालेल्या भागांतले तपशील फाइलमध्येच थोडे उचलून घ्या. मॅटचं खरं देणं मधल्या आणि उजळ छटांत आहे आणि तिथे त्याला काही उणं नाही.

प्रिंट चौकटीत घालण्याची घाई करू नका. ग्लिसरिनसारखे पदार्थ हळूहळू बाहेर पडत राहतात आणि काचेच्या आतून धुरकट थर जमतो. निदान आठवडाभर प्रिंट उघडा ठेवा, वर साधा कोरडा कागद झाकून. मॅट प्रिंटचा पृष्ठभाग नाजूक असतो, एकावर एक घासू देऊ नका.

प्रिंटर आठवड्यातून एकदा तरी चालवा, छोटा का होईना एक प्रिंट काढा. टाक्यांतली शाईही बसते, तेव्हा महिन्यातून एकदा टाकीतली शाई सिरिंजने आत-बाहेर करून ढवळा.

प्रत्येक बाटलीवर शाईचं नाव, मूळ बाटलीचा बॅच नंबर, टक्केवारी, बेसची कृती आणि तारीख लिहा. पेन पाण्याने न पुसणारं वापरा. नवी बाटली जुनी संपण्याआधीच कालवून ठेवा आणि दोन्ही बाटल्यांतून एकेक थेंब एकाच कागदावर शेजारी शेजारी पसरवून वाळवा. फरक दिसला तर ती टाकीत ओतू नका. नव्या बाटलीत थोडा बेस किंवा थोडी गडद शाई घालून ती जुनीशी जुळवा आणि किती घातली ते लेबलवर लिहा. जुळल्यानंतरही २१ पायऱ्यांची पट्टी एकदा छापून पाहा. मधल्या पायऱ्या सरकल्या असतील तर वक्ररेषा नव्याने करा आणि जुनीही जपून ठेवा. जुना प्रिंट पुन्हा काढायची वेळ आली तर त्या वेळची शाई कशी वागत होती हे तिच्यावरूनच कळेल.